कल्हईवाल्याने उपदेश करू नये, हे १६६१ मध्येही सांगून झालं होतं: बाप्टिस्ट संघाच्या कार्यकारिणीला खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, चिटणीस आणि कार्यकारिणीचे सर्व सभासद

सप्रेम सलाम.

आपलं परिपत्रक आमच्या मंडळीत, म्हणजे गावच्या चर्चमध्ये, उपासनेनंतर वाचून दाखवलं गेलं. हे पत्र आपल्याला लिहितोय, पण संघातल्या सगळ्या मंडळ्यांनी ते वाचावं अशी इच्छा आहे. म्हणून ज्यांच्यापर्यंत परिपत्रक पोचलं नसेल त्यांच्यासाठी त्यातला मजकूर थोडक्यात सांगतो. यापुढे रविवारचा उपदेश मान्यताप्राप्त ईश्वरविज्ञान महाविद्यालयाची पदवी असलेल्यानेच करायचा. बाकीच्यांनी शास्त्रवाचन करावं, गाणी घ्यावीत, प्रार्थना चालवावी. जिथे पदवीधर पाळक पोचत नाही तिथे कार्यालयाकडून आलेला संदेश पडद्यावर दाखवायचा. बायबलबाईंनी (बायकांना बायबल शिकवणाऱ्या सेविकांनी) महिलांच्या मेळाव्यात स्वतःचं काही न बोलता मंजूर केलेलं साहित्य वाचून दाखवायचं. ‘प्रत्येकाने आपल्याला नेमून दिलेल्या सेवेत राहावं’ असं एक वाक्यही त्यात आहे. आणि शेवटी सूचना अशी की ऑगस्टमध्ये हिंदुस्थानात आलेले बाप्टिस्ट मिशनरी विल्यम कॅरी यांच्या जन्मदिनानिमित्त प्रत्येक मंडळीने ‘कॅरी सप्ताह’ साजरा करावा.

हा शेवटचा मुद्दा ऐकून आमच्याकडच्या वडीलजनांपैकी एक जण मोठ्याने हसले. का हसले, ते पुढे येईलच.

आधी माझी ओळख. मी मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. आठवडाभर शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटारी, तांब्याची तार आणि वॉर्निशचा वास, आणि मंडळी सांगेल त्या रविवारी उपदेश. शिक्षण आयटीआयपर्यंत. माझे वडीलही मंडळीत उपदेश करायचे. ते साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. हंगामात उसाच्या गाड्यांची रांग रात्रभर हलत नसे, तेव्हा ते रद्द झालेल्या पावत्यांच्या पाठीवर पेन्सिलीने रविवारचे मुद्दे काढत बसायचे. त्यातल्या काही पावत्या अजून माझ्याकडे आहेत. एकीवर एवढंच आहे: ‘लूक १५. बाप धावला. म्हातारा माणूस कधी धावतो?’ घर सोडून गेलेल्या मुलाच्या गोष्टीवरच्या या तीन ओळींवर ते पाऊण तास बोलले होते, आणि ज्यांची पोरं भांडून पुण्या-मुंबईला निघून गेली होती अशी माणसं डोळे पुसत बाहेर पडली होती. आपल्या नव्या नियमात त्यांना व्यासपीठाची पायरीही चढता आली नसती. पण त्यांच्यासाठी मी हे लिहीत नाही, ते सुटले. लिहितोय ते आज मंडळ्यांमध्ये जे बोलतायत त्यांच्यासाठी. त्यांत शिंपी आहेत, एसटीचे वाहक आहेत, दवाखान्यात आयाचं काम करणाऱ्या एक मावशी आहेत.

माझी पहिली आणि सगळ्यांत मोठी तक्रार ही की आपण बाप्टिस्ट (बालकांना नव्हे, स्वतः विश्वास ठेवणाऱ्यांनाच बाप्तिस्मा देणारे) हे नाव लावता आणि ज्यांनी या नावासाठी सोसलं त्यांनाच दाराबाहेर काढता.

जॉन बन्यन आपल्याकडे माहीत आहेत ते ‘यात्रिकक्रमण’ या त्यांच्या पुस्तकामुळे (मूळ इंग्रजी ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’). हरी केशवजींनी ते १८४१ मध्येच मराठीत आणलं. बन्यन इंग्लंडातल्या बेडफर्डजवळच्या एल्स्टो गावचे, बापाच्याच धंद्यातले कल्हईवाले. दारोदार फिरून फुटकी भांडी सांधायची आणि जमेल तिथे चार माणसांपुढे वचन सांगायचं. १२ नोव्हेंबर १६६० ला लोअर सॅमसेल नावाच्या वाडीत त्यांची सभा होती. राजमान्य चर्चबाहेर सभा घेऊन उपदेश करणं तेव्हा गुन्हा होता, आणि आपल्या नावाने वॉरंट निघाल्याचं त्यांना आधी कळलं होतं. यजमान म्हणाला, सभाच नको. बन्यन थांबले आणि पकडले गेले.

पुढे जानेवारीत खटला उभा राहिला तो कीलिंग नावाच्या न्यायाधीशापुढे. तुला उपदेशाचा अधिकार दिला कुणी, असं विचारल्यावर बन्यन यांनी बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रातलं वचन काढलं, ज्याला जसं कृपादान मिळालं असेल तसं त्याने ते इतरांच्या सेवेला लावावं. कीलिंग यांनी त्या वचनाचा अर्थ सांगितला तो असा: दान म्हणजे धंदा. तुला कल्हईचं दान मिळालंय ना, मग कल्हई कर. बाकीच्यांनी आपापले धंदे करावेत, आणि धर्माचं काम धर्मपंडिताने.

आता आपलं ‘नेमून दिलेल्या सेवेत राहावं’ हे वाक्य त्याच्या शेजारी ठेवून पाहा. साडेतीनशेहून जास्त वर्षं गेली. एक माणूस आपल्याला तुरुंगात टाकणारा होता आणि दुसरे आपलेच आहेत, एवढाच काय तो फरक.

बन्यन यांच्या बायकोची गोष्ट मंडळ्यांत कुणी सांगत नाही, म्हणून इथे सांगतो. एलिझाबेथ त्यांची दुसरी बायको. नवऱ्याला धरून नेलं तेव्हा ती गरोदर होती. त्या धक्क्याने अकाली बाळंत झाली आणि मूल दगावलं. घरात पहिल्या बायकोची चार मुलं, त्यातली मेरी आंधळी. अशा अवस्थेत ही बाई १६६१ च्या ऑगस्टमध्ये बेडफर्डच्या स्वान सराईत बसलेल्या न्यायाधीशांपुढे जाऊन उभी राहिली. ट्विस्डन नावाचे न्यायाधीश म्हणाले, नवरा उपदेश सोडतो का बोल; सोडत असेल तर आत्ता बोलावतो त्याला. तिने सांगितलं, जोवर त्याच्या तोंडात शब्द आहे तोवर उपदेश सोडायची त्याची छाती होणार नाही. आणि हेही ऐकवलं की तो कल्हईवाला आहे, गरीब आहे, म्हणून त्याला तुच्छ लेखतात आणि त्याला न्याय मिळत नाही. त्यांच्यातले मॅथ्यू हेल तेवढे मायेने बोलले, कायद्याच्या दोन-तीन वाटा सांगितल्या. सुटका मात्र झाली नाही. बन्यन एकूण बारा वर्षं आत होते. बुटांच्या नाड्यांना धातूची टोकं बसवायचं काम करून त्यांनी घर चालवलं. ‘उपदेश करणार नाही’ एवढं एक वाक्य बोलले असते तर कधीच घरी आले असते. १६७२ मध्ये मंडळीने त्यांना पाळक निवडलं तेव्हाही ते कागदोपत्री कैदीच होते.

दुसऱ्या चार्ल्स राजाने जॉन ओवेन यांना विचारलं होतं म्हणतात, तुमच्यासारखा विद्वान त्या कल्हईवाल्याची बडबड ऐकायला कशाला जातो? ओवेन म्हणजे ऑक्सफर्डचे माजी कुलगुरू. ते म्हणाले, महाराज, माणसाच्या काळजाला हात घालायची त्याची ताकद मला मिळणार असेल तर माझी सगळी विद्या मी आनंदाने देऊन टाकीन. हकीकत जुनी आहे. आपल्या कार्यकारिणीतल्या डॉक्टरेट मिळवलेल्या सभासदांनी ती एकदा आठवावी, एवढंच.

बन्यन यांना नक्की बाप्टिस्ट म्हणावं का, यावर अभ्यासक वाद घालतात, कारण बेडफर्डच्या मंडळीत बाप्तिस्म्याच्या मतभेदावरून कुणाला बाहेर ठेवत नसत. ज्यांना तो वाद घालायचाय त्यांच्यासाठी बेंजामिन कीच आहेत. पेशाने शिंपी. १६६४ मध्ये त्यांनी मुलांसाठी छोटं पुस्तक छापलं म्हणून खटला झाला. बालकांना बाप्तिस्मा देऊ नये हे लिहिलं हा एक गुन्हा. अंगी गुण असेल तर साध्या माणसालाही उपदेश करता येतो हे लिहिलं, हा दुसरा. एल्सबरीच्या आणि मग विन्स्लोच्या बाजारात त्यांना खोड्यात मान अडकवून उभं केलं, आणि पुस्तक त्यांच्या डोळ्यांसमोर जाळलं. तेव्हा ते जेमतेम चोवीस वर्षांचे होते. उपासनेत मंडळीने मिळून गीतं गावीत म्हणून पुढे बाप्टिस्टांमध्ये भांडले तेही हेच. ज्या दुसऱ्या गुन्ह्यासाठी कीच खोड्यात उभे राहिले तो आमच्या शिंप्याने आता केला तर आपण त्याला काय शिक्षा देणार आहात? परिपत्रकात शिस्तभंगाच्या कारवाईचा उल्लेख आहे, तपशील नाही.

समुद्रापलीकडचीही एक गोष्ट आहे. जॉर्ज लील हे अमेरिकेत गुलाम म्हणून जन्मले. जॉर्जियातल्या एका मंडळीने त्यांचं बोलणं ऐकलं, पारखलं आणि १७७५ मध्ये त्यांना उपदेशक म्हणून नेमलं. त्यांना मोकळं करणारा मालकही बाप्टिस्टच होता. सव्हाना नदीच्या काठाने मळ्यामळ्यांतून गुलामांना वचन सांगत ते फिरले. नंतर कर्ज फेडण्यासाठी करारावर राबायला जमैकात गेले आणि १७८४ च्या सुमारास किंग्स्टनमध्ये मंडळी उभी केली. तिथेही तुरुंग चुकला नाही. पोट भरायला शेती करायची, गाड्या हाकायच्या. विल्यम कॅरी हिंदुस्थानाकडे निघाले १७९३ मध्ये. म्हणजे त्यांच्या जवळजवळ दहा वर्षं आधी एक मुक्त गुलाम परमुलखात मंडळी बांधत होता. ‘कॅरी सप्ताहा’त एक दिवस लील यांनाही दिलात तर बरं होईल.

आता आपली बाजू. परिपत्रक कुठून आलं हे मला माहीत आहे. गेल्या काही वर्षांत मांडव टाकून आजार बरे करण्याचे दावे करणारे, तेलाच्या बाटल्या विकणारे, ‘प्रभूने मला स्वप्नात सांगितलं’ म्हणून लोकांची जमीन विकायला लावणारे किती निपजलेत ते आम्ही गावात राहून आपल्यापेक्षा जवळून पाहिलंय. चुकीची शिकवण ही खरी काळजी आहे, ती मी उडवून लावत नाही. पण त्या मांडववाल्यांपैकी एक जण पदवीधर होता हेही आपल्याला ठाऊक आहे. पदवीने माणूस किती शिकला ते कळतं. तो खरं बोलतो का, कर्ज बुडवतो का, बायकोला मारतो का, हे त्याच्या शेजारी राहणाऱ्या मंडळीलाच कळतं.

यावर आपल्या पूर्वजांकडे उपाय होता, आणि तो ज्यांच्या नावाने सप्ताह करायचा त्यांच्यावरच वापरला गेला होता.

कॅरी १७६१ मध्ये नॉर्थॅम्प्टनशरमधल्या पॉलर्सपरी गावात जन्मले. चौदाव्या वर्षाच्या आसपास मोच्याच्या हाताखाली कामाला लागले. बूट शिवता शिवता लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकले. दुकानाच्या भिंतीवर कागद चिकटवून चिकटवून त्यांनी स्वतः जगाचा मोठा नकाशा केला होता आणि प्रत्येक देशावर तिथली लोकसंख्या आणि धर्म यांची टिपणं लिहिली होती. अँड्र्यू फुलर या बाप्टिस्ट पाळकांनी तो दुकानात जाऊन पाहिला होता. अशा माणसाने १७८५ मध्ये ऑल्नीच्या बाप्टिस्ट मंडळीकडे अर्ज केला. मंडळीने त्याला सभासद करून घेतलं आणि एका रविवारी बोलायला उभं केलं. उपदेश ऐकला. पसंत पडला का? पुरता नाही. मग मंडळीने ठराव केला तो आपण कार्यकारिणीत मोठ्याने वाचावा असा आहे: जिथे तो आधीपासून बोलतो तिथे त्याने बोलत राहावं, आणि आमच्यापुढेही अधूनमधून बोलावं, म्हणजे त्याच्या अंगच्या गुणाची आणखी पारख होईल. वर्षभराने, १७८६ च्या ऑगस्टमध्ये, त्यांना सेवेसाठी रीतसर बोलावलं गेलं.

तुझं जमलं नाही, असं त्याला तोंडावर सांगितलं, आणि त्याच वेळी तू बोलत राहा असंही सांगितलं. पदवी कुणी मागितली नाही. मागून उपयोगही नव्हता. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या पदव्या फक्त इंग्लंडच्या राजमान्य चर्चच्या लोकांना मिळत. बाप्टिस्टांना ती दारं बंद होती. म्हणजे ‘उपदेशकाला पदवी हवी’ हा नियम त्या काळी आपल्या माणसांना गप्प बसवण्यासाठीच वापरला जात होता. आपण तो उचलून स्वतःच्या घरात आणला.

पुढचं आपल्याला माहीत आहे, पण ज्या पदवीचा आग्रह आपण धरता तिची कुळकथा यातच दडलेली असल्यामुळे सांगणं भाग आहे. ३० मे १७९२ ला नॉटिंगहॅमला कॅरी यांनी यशयाच्या ५४ व्या अध्यायावर उपदेश केला. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला केटरिंगच्या एका घराच्या मागच्या खोलीत मिशन संस्था स्थापन झाली. जमलेल्या गावठी पाळकांनी मिळून १३ पौंड, २ शिलिंग, ६ पेन्स देणगी लिहून दिली. तिचे पहिले चिटणीस फुलर हे शेतकऱ्याचा मुलगा, तरुणपणी कुस्ती खेळणारे. पुढे अमेरिकेतल्या प्रिन्स्टनने आणि येलने त्यांना डॉक्टरेट देऊ केली. दोन्ही त्यांनी नाकारल्या.

सेरामपूरला (बंगालातलं श्रीरामपूर, आपल्या नगर जिल्ह्यातलं नव्हे) १८०० मध्ये कॅरी पोचले तेव्हा सोबत होते विणकर म्हणून राबलेले आणि मग शाळामास्तर झालेले जोशुआ मार्शमन, आणि छापखान्यात वाढलेले विल्यम वॉर्ड. १८१८ मध्ये या मोची, विणकर आणि छापखानेवाल्याने सेरामपूरचं कॉलेज काढलं. गाव तेव्हा डेनिश वसाहतीत होतं, म्हणून मार्शमन कोपनहेगनपर्यंत गेले, आणि १८२७ मध्ये डेन्मार्कच्या सहाव्या फ्रेडरिक राजाने कॉलेजला पदव्या देण्याची सनद दिली. आज महाराष्ट्रासकट देशभरातल्या कितीतरी ईश्वरविज्ञान महाविद्यालयांच्या पदव्या याच सेरामपूरच्या नावाने मिळतात. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या दिवाणखान्यात ती चौकटीत लावलेली मी पाहिली आहे.

ज्यांनी ही पदवी निर्माण केली त्या तिघांपैकी एकानेही विद्यापीठाची परीक्षा देऊन पदवी घेतलेली नव्हती. कॅरी यांना ब्राउन विद्यापीठाने डॉक्टरेट दिली ती मानाची, १८०७ मध्ये, तोवर ते हिंदुस्थानात चौदा वर्षं उपदेश करत होते. आपल्या परिपत्रकाप्रमाणे त्यांना ‘कॅरी सप्ताहा’त शास्त्रवाचन करता आलं असतं. आमचे वडीलजन हसले ते याला.

आणि मराठी माणसाने तर हे विसरूच नये. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या याच मोच्याने वैजनाथ शर्मा पंडितांच्या मदतीने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, १८१० मध्ये मोडी लिपीत कोश, १८११ मध्ये नवा करार. त्या भाषांतरात चुका होत्या, भाषा ओबडधोबड होती, हे पुढच्यांनी दाखवून दिलं आणि सुधारलं. पण ‘आधी मराठीची पदवी आण’ असं त्यांना कुणी म्हणालं नाही.

सेरामपूरकरांनी १८०५ मध्ये आपसांत एक करारनामा लिहिला होता आणि तो वर्षातून तीनदा सगळ्यांसमोर वाचायचा असं ठरवलं होतं. सुवार्ता या देशभर पोचेल ती इथल्याच उपदेशकांच्या तोंडून, हे त्यात स्वच्छ लिहिलंय. त्यांचा पहिला बंगाली सभासद कृष्ण पाल हा सुतार. २८ डिसेंबर १८०० ला हुगळी नदीत त्याचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढे तो वीसेक वर्षं उपदेश करत फिरला. त्याला कोणत्या महाविद्यालयाने पाठवलं होतं?

बाकीच्या तक्रारी थोडक्यात सांगतो.

पडद्यावरचा संदेश. आमच्याकडे मागच्या महिन्यात तो दाखवला. दहा मिनिटांनी वीज गेली, तो भाग वेगळा. पण बोलणाऱ्याला हे माहीत नव्हतं की त्याच आठवड्यात आमच्या मंडळीतल्या एका घरातला कर्ता मुलगा विहिरीत पडून गेला होता. तो आनंदाने ‘यशस्वी कुटुंबाची सात सूत्रं’ सांगत राहिला. त्या मुलाची आई पहिल्या बाकावर बसलेली होती. उंटावरून शेळ्या हाकणं यालाच म्हणतात. आमच्यातला कुणीही, अगदी अडखळत बोलणारा, त्या दिवशी योग्य वचन काढू शकला असता.

बायबलबाई. ज्या बायकांनी आपल्या आज्यांना अक्षरओळख करून दिली, ज्या जात्यावर बसून बायकांशी बोलल्या, त्यांच्या वारसदारांना आता छापील कागद वाचायला सांगायचं हे कुणाच्या डोक्यातून निघालं? परिपत्रक ठरवणाऱ्या समितीत एकही बाई नव्हती, असं आमच्या कानावर आहे. चुकीचं असेल तर जाहीर करा.

खर्च. पदवीला लागणारी वर्षं, वसतिगृह, पुस्तकं, बरंचसं शिक्षण इंग्रजीतून. हातावर पोट असलेला, चाळिशीतला, दोन पोरांचा बाप हे कसं करणार याचा विचार परिपत्रकात कुठेच नाही. नियम सगळ्यांना सारखा दिसतो, पण त्याने बाहेर कोण राहणार हे आधीच ठरलेलं आहे. आपल्या मंडळ्यांत बहुतेक घरं कुठल्या वस्त्यांतून आली हे मी आपल्याला सांगायला नको. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना ग्रंथ ऐकायलाही बंदी होती, त्यांच्या नातवंडांना ‘तुम्ही वाचा, पण अर्थ सांगू नका’ हे सांगणारे निदान आपण तरी नसावं.

मी शिक्षणाविरुद्ध आहे असं कुणी भासवू नये. ब्रिस्टलमध्ये बाप्टिस्टांनी पाळकांच्या शिक्षणासाठी सतराव्या शतकातच पैसा बाजूला ठेवला होता. नंतरच्या काळातले बाप्टिस्ट उपदेशक स्पर्जन लंडनच्या हजारोंना बोलले, पण स्वतः महाविद्यालयात गेले नव्हते. प्रवेशासाठी ज्या प्राचार्यांना भेटायचं होतं, ते एका खोलीत वाट पाहत बसले आणि हे दुसऱ्या खोलीत. मोलकरणीने दोघांना एकमेकांविषयी सांगितलंच नाही! त्यांनी १८५६ मध्ये स्वतः पाळकांसाठी महाविद्यालय काढलं तेव्हा घेतले ते आधीपासून उपदेश करत असलेले तरुण. गरिबाला पैशासाठी परत पाठवलं नाही. आधी गुण, मग शिक्षण, असा क्रम होता. आपण तो उलटा केलाय.

आता मागण्या.

परिपत्रकाची अंमलबजावणी थांबवा. उपदेश कुणी करायचा हे ठरवण्याचा हक्क आपल्यात स्थानिक मंडळीचा आहे. तो काढून घ्यायचा असेल तर सर्वसाधारण सभेत, प्रत्येक मंडळीच्या मताने काढा, पत्र पाठवून नको.

पदवीच्या अटीऐवजी पारखीची पद्धत लावा. मंडळीने ऐकावं, शेजारच्या मंडळीच्या पाळकाने आणि वडीलजनांनी ऐकावं, माणसाच्या घरची-दारची चौकशी करावी, निर्णय कारणासकट इतिवृत्तात लिहावा, आणि दर वर्षी तो पुन्हा पाहावा. जो चुकीचं शिकवेल त्याची परवानगी काढून घ्या. माझी काढायची वेळ आली तर माझीही.

काम करणाऱ्या माणसांसाठी मराठीतून, शनिवारी-रविवारी, विनाशुल्क शिकवण्या सुरू करा. संघाचं ग्रंथालय सध्या फक्त पाळकांसाठी उघडतं, ते सगळ्यांना उघडा. आम्ही येऊ. दुकान बंद ठेवून येऊ.

पडद्यावरचा संदेश मंडळीने मागितला तरच पाठवा. बायबलबाईंवरचं बंधन मागे घ्या, आणि यापुढे त्यांच्या कामाविषयी काही ठरवायचं असेल तर त्यांना समोर बसवून ठरवा.

आणि ‘कॅरी सप्ताह’ जरूर करा. पण त्याची सुरुवात ऑल्नीच्या मंडळीचा १७८५ चा ठराव वाचून करा. तो वाचायला लाज वाटत असेल तर सप्ताह रद्द करा.

येत्या रविवारी आमच्याकडे पाळक नाहीत, ते दुसऱ्या गावी आहेत. मंडळीने नेहमीप्रमाणे वडीलजनांच्या बैठकीत ठरवलंय की दवाखान्यात काम करणाऱ्या मावशींनी बोलावं. विषय रूथचं पुस्तक. उपासना साडेनऊला सुरू होते, नंतर चहा असतो. कार्यकारिणीपैकी कुणीही यावं, पूर्ण ऐकावं, आणि उपदेशात काही चुकलं असं वाटलं तर चहाच्या वेळी मंडळीसमोर स्पष्ट सांगावं. आम्ही ते इतिवृत्तात लिहून घेऊ.

आपला,
मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातला,
मंडळीचा एक सभासद आणि तिने पारखलेला उपदेशक